व्हिडिओबंदीत अडकलेलं बोट

वाचनालयातल्या संगणकांवर व्हिडिओ बघायला बंदी घालावी, असा ठराव अध्यक्षांनी मांडला, अध्यक्षांनीच त्याला अनुमोदन दिलं आणि बाकीचे सभासद चहाचा कप कुठे ठेवावा या विचारात असताना तो एकमताने मंजूरही करून टाकला.

निमित्त झालं ते शिवणकाकूंचं. या काकू लोकांचे कपडे शिवून देत. दुपारची कामं उरकली की वाचनालयात येत, कोपऱ्यातल्या संगणकापुढे बसत आणि हेडफोन लावून नव्या फॅशनच्या कपड्यांचे व्हिडिओ बघत. त्या दिवशी हेडफोनची पिन नीट बसली नव्हती. आज आवाज जरा बारीक येतोय असं वाटून काकूंनी तो वाढवत वाढवत पार टोकाला नेला. नेमके तेव्हाच अध्यक्ष एका पाहुण्यांना घेऊन आत शिरले. पाहुणे आपला सगळा ग्रंथसंग्रह वाचनालयाला देण्याच्या विचारात होते.

"आमच्याकडची शांतता बघा," अध्यक्ष म्हणाले.

आणि कोपऱ्यातून एका बाईचा खणखणीत आवाज आला, "आता गळा कापायचा! घाबरायचं अजिबात नाही. डाव्या हाताने घट्ट दाबून धरा आणि कात्री चालवा!"

पाहुण्यांचा हात आपोआप स्वतःच्या गळ्याकडे गेला. तो ड्रेसचा गळा होता, हे काकूंनी त्यांना दारापर्यंत मागे जाऊन समजावून सांगितलं. पण काकूंच्या हातात कात्रीची पिशवी होती, त्यामुळे पाहुण्यांनी ते चालता चालताच ऐकलं. "विचार करून कळवतो," असं म्हणून ते जे गेले ते गेले.

"बंद म्हणजे बंद!" अध्यक्ष ग्रंथपालबाईंना म्हणाले. "वाचनालय हे वाचायला असतं."

"साहेब, आपण पाळ्या लावल्यात ना. प्रत्येकाला ठरलेला वेळ, हेडफोन सक्तीचे, मोठ्याने हसायचं नाही. सगळं सुरळीत चाललंय. एक पिन सैल होती एवढंच," बाई म्हणाल्या.

"आज पिन सैल, उद्या शिस्त सैल."

"अहो, पण माझ्या माशांनी काय केलंय?" पेपरआजोबांनी मान वर केली. हे आजोबा रोज सगळी वर्तमानपत्रं वाचत, बातम्यांनी त्यांचा रक्तदाब वाढे आणि मग तो उतरवण्यासाठी ते संगणकावर काचेच्या टाकीतल्या माशांचा व्हिडिओ बघत. डॉक्टरांनीच तसं सांगितलं होतं. "मासे बोलत नाहीत, गात नाहीत. एक शब्द नाही तोंडातून!"

"माशांना एक नियम आणि गळ्याला एक, असं चालणार नाही," अध्यक्ष म्हणाले, आणि विषय संपला.

आता हुकूम सोडणं सोपं, पण संगणकाला कुलूप लावणार कोण? अध्यक्षांकडे त्याचीही सोय होती. त्यांच्या मुलीचं लग्न नुकतंच ठरलं होतं आणि होणारा जावई संगणकाचंच काम करायचा. सासरेबुवांनी पहिल्यांदाच काहीतरी सांगितलं, म्हणून तो धावत आला. व्हिडिओ तर त्याने बंद केलेच, शिवाय अध्यक्षांच्या सांगण्यावरून संगणकांचे छोटे स्पीकरही काढून ठेवले.

"हे परत उघडायचं झालं तर पासवर्ड लागेल, बाबा. तुम्हाला लिहून देऊ?"

"मुळीच नको! पासवर्ड तुमच्याकडेच ठेवा. कोणी मागितला तरी द्यायचा नाही. अगदी मी मागितला तरी द्यायचा नाही. समजलं?"

"समजलं, बाबा," जावई म्हणाला. तरुण माणूस होता, सासरेबुवांवर छाप पाडायची होती. त्याने ते मनावर कोरून ठेवलं.

वाचनालय एका इमारतीच्या तळघरात होतं. वरच्या मजल्यावर सभागृह होतं आणि त्याच सभागृहात, बंदीनंतरच्याच रविवारी संध्याकाळी, अध्यक्षांच्या मुलीचा साखरपुडा ठरला होता. खाली वाचनालयात मात्र नेहमीची मंडळी होती. डोक्यावर खुर्च्या सरकवल्याचे आवाज येत होते. नवा कोट घातलेले अध्यक्ष वरच्या गडबडीतून हळूच निसटून खाली आले. वर त्यांना प्रत्येक जण काहीतरी उचलायला सांगत होता. इथे निदान लोक उठून उभे राहत.

"काय म्हणताय, बाई? सगळं शांत?"

"शांत आहे, साहेब. संगणकांकडे कुणी फिरकतच नाही."

"बघा!" अध्यक्ष खूश झाले. खुशीतच त्यांनी कोटाच्या खिशातून एक लाल डबी काढली. "ही जावयाची अंगठी. सकाळीच टेबलावरून उचलून खिशात टाकली. घरात पाहुणे, पोरंटोरं. म्हटलं, आपल्यापाशी असलेली बरी."

डबी हातोहात फिरली. बाईंनी अंगठीचं कौतुक केलं. आजोबांनी ती चष्म्याजवळ नेऊन पाहिली. शिवणकाकूंची नजर मात्र मापाची.

"लहान नाही का वाटत?" काकू म्हणाल्या. "पुरुषाच्या बोटात जायची नाही ही."

"का नाही जाणार? अहो, माझ्याही बोटात जाईल!" असं म्हणून अध्यक्षांनी अंगठी बोटात घातली. पेरापाशी ती जरा अडली. पण माघार घेणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी दात आवळले, जोर लावला आणि अंगठी आत गेली.

"बघा!" ते म्हणाले. मग त्यांनी ती काढायला घेतली.

अध्यक्ष खिडकीबाहेर बघत, जणू काही विशेष चाललेलं नाही अशा थाटात बोट पिरगळत होते. तळघराला खिडकीच नव्हती, त्यामुळे ते भिंतीकडे बघत होते.

"अडकली का?" बाईंनी हळूच विचारलं.

"छे! अडकेल कशाला? ती... ती निघत नाहीये."

मग सुरू झाले उपाय. बाईंनी त्यांना बेसिनपाशी नेलं. साबणाची चकती झिजून पापडीएवढी झाली होती, ती फेस करता करता निसटून नळीतून आत गेली, आणि अंगठी जिथल्या तिथे. बोट मात्र चोळून चोळून लाल झालं आणि फुगायला लागलं.

"तेल लावा तेल," आजोबा म्हणाले. "बाई, तुमच्या टेबलावर बाटली असते बघा." आणि कोणी काही म्हणायच्या आत त्यांनी बाटली आणून अध्यक्षांच्या बोटावर उपडी केली.

"आजोबा!" बाई ओरडल्या. "तो डिंक आहे! पुस्तकं चिकटवायचा!"

"मला वाटलं खोबरेल. गोठल्यासारखं दिसलं खरं."

अध्यक्षांनी घाईघाईने रुमालाने बोट पुसलं. रुमाल चिकटला. तो ओढून काढला, तर अर्धा हातात आला आणि अर्धा बोटालाच राहिला. आता त्या बोटाला अंगठी होती, डिंक होता आणि निळ्या चौकड्यांचं एक फडकंही होतं. वर माणसांची वर्दळ वाढली होती. कोणीतरी माईक लावून "हॅलो, हॅलो" करत होतं.

"दोऱ्याने निघते," शिवणकाकू एकदम म्हणाल्या. "मी व्हिडिओ पाहिलाय."

"मग काढा ना!"

"अर्धाच पाहिलाय. दोरा अंगठीखालून घालतात आणि बोटाला गुंडाळतात, इथपर्यंत पाहिलं. पुढचा भाग दुसऱ्या दिवशी बघणार होते." काकू थांबल्या. "दुसऱ्या दिवसापासून बंदी आली."

अध्यक्षांनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी पिशवीतून दोऱ्याचं रीळ काढून तयार ठेवलं होतं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आनंदही नव्हता. म्हणजे, असलाच तर तो त्यांनी शिवून टाकला होता.

"अर्धवट माहितीवर बोटाला काही करू नका," बाई म्हणाल्या. "उलटं गुंडाळलं तर रक्त थांबेल. आधी पूर्ण बघायला हवं."

तळघरात मोबाईलला रेंज येई ती फक्त दारापाशी, तीही कशीबशी बोलण्यापुरती. व्हिडिओ लावला की नुसतं चक्र फिरत राही. लोक इथल्या संगणकांवर व्हिडिओ बघायचे ते काही उगाच नाही. आणि त्या हाताने बाहेर रस्त्यावर जायची अध्यक्षांची तयारी नव्हती. जिन्यात पाहुणे उभे होते आणि प्रत्येक जण हात मिळवत होता.

अध्यक्ष दारापाशी गेले. फोनला रेंज आली आणि त्याबरोबर फोन वाजायलाच लागला. बायकोचा होता. त्यांनी तो कापला. पुन्हा वाजला. पुन्हा कापला.

"घ्या ना, वहिनी काहीतरी महत्त्वाचं सांगत असतील," काकू म्हणाल्या.

"तिला काय सांगू? अंगठी कुठेय म्हणून विचारेल!" असं म्हणत त्यांनी तिसऱ्यांदा फोन कापला आणि चटकन जावयाला लावला.

"जावईबापू, वर पोचलात का? छान. एक छोटंसं काम होतं. तो पासवर्ड जरा सांगता?"

पलीकडे जावई हसला. "नाही सांगणार, बाबा."

"म्हणजे?"

"तुम्हीच म्हणाला होता, मी मागितला तरी द्यायचा नाही. माझी परीक्षा घेताय ना?"

"अहो, परीक्षा नाही, खरंच हवाय!"

"खरंच हवाय असंही म्हणाल, हे मी धरूनच चाललो होतो."

"जावईबापू, मी हुकूम करतो!"

"नाही म्हणजे नाही, बाबा!" आता जावयाला चांगलाच चेव आला होता. "आज माझ्यावर पासवर्ड सोपवलात, उद्या मुलगी सोपवणार आहात. मी शब्दाला पक्का आहे."

इतका सद्गुणी जावई मिळाल्याचं अध्यक्षांना त्या क्षणी अतोनात दुःख झालं. शेवटी बाईंनी त्यांच्या हातातून फोन घेतला. "मी ग्रंथपाल बोलतेय. पासवर्ड नका सांगू, पण दोन मिनिटं खाली या. एक यंत्र अडकलंय," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवून अध्यक्षांकडे वळल्या. "बोट म्हटलं असतं तर वरच्या सगळ्यांना घेऊन आला असता."

जावई नव्या कपड्यांत धडधड जिना उतरून आला. आल्या आल्या त्याने हात पुढे केला. अध्यक्षांनी उजवा हात पाठीमागे लपवून डावा पुढे केला.

"जिंकलो की नाही, बाबा?"

"जिंकलात. आता कुलूप उघडा."

"अजूनही?" जावई कौतुकाने हसला. "तुम्ही फार पक्के आहात हो."

"अहो, अंगठी अडकलीय त्यांच्या बोटात!" शिवणकाकूंना राहवेना. "तुमची अंगठी! दाखवा हो तो हात."

अध्यक्षांनी हात पुढे केला. जावयाने ते लाल, फुगलेलं, चौकड्यांचं बोट बराच वेळ पाहिलं.

"छान आहे," तो शेवटी म्हणाला. सासरच्या वस्तूला नावं ठेवायची नाहीत, असं त्याला घरून बजावून पाठवलं असावं.

मग मात्र त्याने वेळ घालवला नाही. संगणकापुढे बसला. पण पासवर्ड टाकायची वेळ आली तसा एकाएकी घुटमळला. "जरा सगळे पलीकडे बघाल का?"

"आता काय लपवायचं राहिलंय?" अध्यक्ष कण्हले.

"नियम, बाबा."

सगळ्यांनी माना फिरवल्या. पेपरआजोबांनीही फिरवली, पण अर्धीच, आणि त्यांना एक जुनी खोड होती. डोळ्यांपुढे अक्षर आलं की ते मोठ्याने वाचायचे. आणि पडद्यावर अक्षरं लपवायची सोय जावई घाईत विसरला होता.

"ख... डू... स..." आजोबा वाचू लागले. "खडूस... बा... बा. खडूसबाबा!"

वरच्या माईकवरून कोणीतरी "आवाज येतोय का?" असं विचारलं. खाली आवाज स्वच्छ आला होता.

"हे..." जावयाचे कान बोटाइतकेच लाल झाले. "हे तिने सुचवलं. म्हणजे तुमच्या मुलीने. कुणाला सुचणार नाही असा पासवर्ड हवा होता ना."

"पुढे चला," अध्यक्ष भिंतीकडे बघत म्हणाले. "आधी बोट सुटू दे. मग मुलीकडे बघतो."

व्हिडिओ सापडला. आधी गाद्यांची जाहिरात लागली. ती संपली, तर पडद्यावर एक गोबऱ्या गालांचा माणूस आला आणि हातवारे करायला लागला. आवाज मात्र नाही.

"स्पीकर कुठेत?"

"तुम्हीच काढायला लावलेत, साहेब," बाई म्हणाल्या. "हेडफोन आहेत. पण एकच जण ऐकू शकेल."

हेडफोन साहजिकच शिवणकाकूंनी लावले. आणि हेडफोन लावलेल्या माणसाला आपला आवाज किती मोठा निघतोय हे कळत नाही, याची बाईंना रोजची सवय असली तरी अध्यक्षांना नव्हती.

"तो म्हणतोय, नमस्कार!" काकू गरजल्या.

"हळू!" अध्यक्ष दचकले.

"तो म्हणतोय, आज आपण एका फार महत्त्वाच्या विषयावर बोलणार आहोत! तो म्हणतोय, व्हिडिओ आवडला तर मित्रांना पाठवा!"

"मुद्द्यावर ये म्हणावं त्याला!"

"तो म्हणतोय, त्याच्या मेव्हण्याची एकदा अशीच अडकली होती! मेव्हणा फार जाड!"

"काकू, पुढे ढकला," बाईंनी स्वतःच हात घालून व्हिडिओ पुढे सरकवला. आता पडद्यावर दोरा आला. जावयाने डिंकाचं फडकं ओल्या कापडाने सोडवलं. बाईंनी काकूंच्या सुईने दोऱ्याचं टोक अलगद अंगठीखालून तळहाताच्या बाजूला काढलं. उरलेला दोरा अंगठीपासून वर, पेरावरून पुढे, एकाला एक लागून घट्ट गुंडाळत नेला. अध्यक्षांनी डोळे मिटले. आजोबा त्यांना धीर यावा म्हणून माशांचं वर्णन करून सांगत होते. "एक पिवळा आहे, तो नुसता डुलतो बघा. तुम्हीही डुला."

"आता खालचं टोक धरा!" काकू ओरडल्या. "बोटाच्या शेंड्याच्या दिशेने सोडवत चला! ओढा! घाबरायचं अजिबात नाही! ओढा!"

बाईंनी दोऱ्याचं टोक धरून वेढे सोडवायला सुरुवात केली. अंगठी हलली. एकेका वेढ्यावरून ती पुढे सरकू लागली. पेरापाशी ती पुन्हा अडली, अध्यक्षांनी "आई गं!" केलं, जावयाने त्यांचं मनगट धरून "सोसा, बाबा, सोसा," म्हटलं, आणि पुढच्याच वेढ्याला ती सुटून टणकन टेबलावर पडली.

वाचनालयात टाळ्या वाजल्या. बाईंनी कुणालाही गप्प केलं नाही. अध्यक्षांनी जावयाला मिठी मारली. मग ते काकूंकडे वळले.

"काकू, तुमचा तो गळा," ते म्हणाले. "उद्यापासून बघा. खुशाल कापा."

"आणि मासे?" आजोबांनी विचारलं.

"मासेही पोहू देत."

तेवढ्यात दारात पैठणी नव्हे, पण चांगलीच भारी साडी सळसळली. अध्यक्षांच्या पत्नी जिना उतरून दम खात उभ्या होत्या. एका हातात फोन, दुसऱ्या हातात लाल डबी.

"अहो, फोन का कापताय सारखा? आणि जावईबापू, तुम्ही इथे? वर तुम्हाला शोधतायत सगळे!"

"काही नाही, काही नाही. अंगठी तयार आहे," अध्यक्षांनी लगबगीने टेबलावरची अंगठी उचलली. "ही बघ. अगदी सुखरूप."

"तेच सांगायला फोन करतेय मघापासून! जावईबापूंची अंगठी ही माझ्याकडे आहे. तुम्ही टेबलावरची दुसरीच डबी उचलून आणलीत."

अध्यक्षांच्या हातातली अंगठी हातातच राहिली. "दुसरी? मग ही कुणाची?"

त्या जरा लाजल्या. इतकी माणसं समोर असताना सांगावं की नाही, असा विचार करून मग म्हणाल्या, "तुमची. कार्यक्रमात सगळ्यांसमोर देणार होते. आपल्या लग्नातली तुम्ही किती वर्षांपूर्वी काढून कपाटात ठेवलीत, तेव्हापासून बोट मोकळंच. म्हटलं, आज मुलीच्या निमित्ताने तुम्हालाही एक करावी."

"पण माप? माप कुठून घेतलंस?"

"त्या जुन्या अंगठीवरूनच. तुम्ही ती काढलीत तेव्हा म्हणाला होतात ना, फार ढिली होते, कुठेतरी पडेल. माझ्या चांगलं लक्षात होतं. म्हणून सोनाराला सांगून ही आणखी जरा घट्ट करून घेतली."

बोट जाड होऊन जुनी अंगठी रुतायला लागली होती आणि ते कबूल करायचं नव्हतं म्हणून ढिली म्हटलं, हे अध्यक्षांनी कोणालाच सांगितलेलं नव्हतं आणि आता सांगायची वेळही निघून गेली होती. पत्नी त्यांच्याकडे मोठ्या उत्सुकतेने बघत होत्या. त्यांचे डोळे चमकत होते.

"बसते का बघू या तरी. घाला ना," त्या म्हणाल्या.

सगळे अध्यक्षांकडे बघू लागले. जावयाने नजर जमिनीकडे वळवली. शिवणकाकूंनी रीळ गुंडाळता गुंडाळता हात थांबवला. अध्यक्षांनी पत्नीच्या चेहऱ्याकडे एकदा पाहिलं, एक दीर्घ श्वास घेतला आणि अंगठी बोटाच्या शेंड्यावर टेकवली.

"बाई," ते मान न वळवता ग्रंथपालबाईंना हळूच म्हणाले, "तो व्हिडिओ बंद करू नका."